तिसऱ्या बाटलीतला अगर

मी अगर-अगर बोलतो आहे. दक्षिणेच्या किनाऱ्यावर समुद्रशेवाळाचे तुकडे दोरीच्या पिळात खोचून पाण्यात लावले आणि त्या पिकातून मी निघालो, असे म्हणतात. मी ते पाहिलेले नाही; तेव्हा मी शेवाळाच्या पेशीभिंतीत होतो आणि तेथून काहीच दिसत नाही. उकळणे, गोठवणे, वाळवून भुकटी करणे, हेही सारे ऐकीव. खात्रीने सांगता येते ते लातूरपासून.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षे झाली होती. कार्यालयांवरच्या पाट्या नव्याकोऱ्या. नळ मात्र महिनाभर कोरडे. पाण्यावाचून महाविद्यालयाची प्रयोगशाळा बंद पडली, म्हणून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका सिंधुताईंनी मला भाड्याच्या खोलीवर आणले. नायगावच्या मळ्यात त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षे जपलेली केळ दुष्काळात वाळली होती. तीनच मुनवे, म्हणजे बुडाचे कोंब, हिरवे उरले होते. त्यांचे शेंडे माझ्यात रुजले तर वाण वाचणार, नाहीतर संपला.

नमुन्याला चिमूटभर मला पाण्यात उकळून बशीत थिजवले, बाटल्या निर्जंतुक करायला घरमालकीण गौरम्मांचा प्रेशर कुकर मागितला आणि प्रश्न निघाला.

“हे थुलथुलीत काय हाय गं? हाडाचं नसंल ना? माझ्या कुकरात तसलं चालत न्हाई, आधीच सांगते.”

“न्हाई अव्वा, समुद्रातलं शेवाळ हाय.”

“कशावरून?” गौरम्मांचे यजमान संगप्पा पेपराआडून म्हणाले.

“हाडाचं जिलेटिन असतं तर आपल्या उन्हात पातळ झालं असतं, आप्पा.”

मला बशीसकट भर दुपारी पत्र्यावर ठेवले. त्रेचाळीस अंश. मी ढिम्म हललो नाही. पंच्याऐंशी अंशांखाली वितळणे माझ्या स्वभावात नाही.

“समुंदर सोडून दुष्काळात लातूरला आलं व्हय? लई शहाणं दिसतंय!” संगप्पा हसले. कुकर मिळाला.

साखर आणि क्षार घालून मला तीन बाटल्यांत निर्जंतुक केले, शेंडे लावले, कापसाची बुचे बसवली. तीन आठवड्यांनी सिंधुताई दोन दिवस गावी गेल्या आणि गौरम्मा खोली झाडायला आल्या.

“अगंबाई, लेकरं तहानलेली हायत की!”

मी स्वतःच बहुतांशी पाणी आहे, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी आपल्या प्यायच्या तांब्यातले एकेक चमचा पाणी दोन बाटल्यांत घातले. ज्या बाटलीतून मी बोलतो आहे त्या तिसऱ्या बाटलीचे बूच काढले, तोच अंगणातून हाक आली, “अगं, टँकर आला!” ओल्या बोटानेच बूच दाबून त्या घागर घेऊन धावल्या.

साध्या पाण्यातून बुरशी येते. सिंधुताई परतल्या तेव्हा दोन बाटल्यांत राखाडी लव धरली होती.

“अव्वा, पाणी घातलं?”

“घातलं की. आपण प्यायचं अन् त्यांनी बघत ऱ्हायचं?”

सिंधुताईंना रागावता येईना. “तिसरीत?”

“बूच काढलं व्हतं. पुढचं ध्यानात न्हाई बघ. टँकर आला.”

चमचा आला नाही, हे मी जाणतो. बोटावरचा थेंब आत पडला का, ते मला कळले नाही. वाचकहो, दया आली तरी बूच उघडू नका, एवढीच विनंती.

शेंडा हिरवा आहे. आज सकाळपासून त्याच्या बुडाशी पांढरे, केसाएवढे काहीतरी माझ्यात शिरते आहे. सिंधुताई भिंग घेऊन बसल्या आहेत. मूळ असेल, बुरशीही असेल. पहिल्या दिवशी दोन्ही मला सारखीच टोचतात.