लोखंडाचा आवाज

"काका, माझा दादा लंगडतो ते खरं की खोटं?"

पैज वकिलीणबाईची. म्हणजे माझी मैत्रीण, वर्गात सगळ्यांशी वाद घालते ती. "एवढी शूर ना तू? मग विचार थेट दिग्दर्शकाला!" विचारलं. भीते की काय मी! रोममधल्या ग्लॅडिएटरांच्या आणि गुलामांच्या मालिकेचं शूटिंग चालू होतं. दादा त्यात गुलाम, आई मेकअपला, बाबा सामानाच्या खोलीत. आमचं अख्खं घरच रोमला राबतं. उद्या गुलामांच्या बाजारात मलाही उभं करणार होते, म्हणून मी तर हवेतच होते.

दिग्दर्शक खुर्चीतूनच म्हणाले, "कसलेल्या नटांना जमत नाही असं लंगडतो पोरगा!"

सगळे हसले. दादा सोडून.

मी वाळूत त्याच्याजवळ जाऊन बसले. घोट्यावर साखळी, खाली आईने रंगवलेली जखम. आई घरी किती मिरवायची! "कालचा रंग आजही जसाच्या तसा. माझ्या हाताला तोड नाही." आणि दादा हल्ली घरातसुद्धा मोजे काढत नव्हता.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओला कापूस घेतला आणि पुसलं. रंग निघाला. खाली सोललेलं मांस.

"अगं, पुसू नकोस! पुढच्या शॉटला तीच जखम..." आई धावत आली, आणि तिला दिसलं. हातातला ब्रश गळून पडला. "म्हणजे मी यावरच रंग थापत होते?"

बाबा मान खाली घालून म्हणाले, "प्लॅस्टिकची साखळी खुळखुळ्यासारखी वाजते म्हणाले दिग्दर्शक साहेब. मग खरी दिली. आतून कापड लावलं होतं गं, ते कॅमेऱ्यात दिसायला लागलं."

"म्हणून काढलंत?"

बाबांनी साखळीची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"आणि दादा, तू? तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"बोललो असतो तर दुसरा आणला असता. गेटवर जाऊन बघ, गुलाम व्हायला रांग लागलीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुलामांचे कसे हाल झाले हे दाखवायला माझ्या भावाचा पाय सोलायचा! तो पाय बघून लोक घरात बसून हळहळणार, आणि वाहवा साहेबांची!

"एकच शॉट उरलाय, बाळा," बाबा कुजबुजले. "साहेबांना दुखवून कसं चालेल?"

"दुखतंय ते साहेबांना नाही, बाबा!"

मी त्यांच्या हातातली किल्ली ओढली, साखळी सोडवली आणि सरळ माझ्या सॅकमध्ये कोंबली. पलीकडून साहेब ओरडत होते, "काय चाललंय तिकडे?" वकिलीणबाईने तोवर दादाला खांद्याचा आधार देऊन उभं केलं होतं.

"आई, बाबा, नीट ऐका. दादाला मी आत्ता डॉक्टरकडे नेतेय. उद्या बाजारात मी उभी राहणार नाही. आणि ही साखळी परत मिळणार नाही, साहेबांना वाजवायचीच असेल तर आधी स्वतःच्या पायात घालू देत."