एंजलची कावीळ

नथूच्या हातून चिक्कीचा तुकडा माशाच्या टाकीत पडला तो जानेवारीत. माशाने तो गपकन गिळला, आणि तेव्हापासून नथूच्या घशाखाली घास उतरेना.

खंडाळ्याच्या त्या बंगल्यात हॉलची अख्खी भिंत म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी. आत एकच मासा, एंपरर एंजल. गडद निळा, अंगावर पांढऱ्या गोल रिंगा. मालक गोपाळकृष्णसाहेब डिसेंबरच्या थंडीत परदेशात लेकीकडे निघताना बजावून गेलेले, "नथू, दर सोमवारी मीठ मोजून पाणी बदल. आणि रोज एक फोटो पाठव. एक दिवस चुकायचा नाही." का, ते काही सांगितलं नाही.

चिक्की गिळून आठ दिवस झाले आणि रिंगा तुटायला लागल्या. मग पिवळे पट्टे उमटले.

"कावीळ हाये," नथूची बायको मुक्ताबाई काचेला नाक लावून म्हणाली. "अवो, काय चारलं तुमी?"

"काय न्हाई."

"मग घाम कशापायी फुटलाय?"

मासा गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की बंगल्यामागची खोली गेली. नथूने मोबाईल उघडला. साहेब गेले त्या दिवशीचा फोटो झकास होता, सगळ्या रिंगा जागच्या जागी. तोच पाठवला. दुसऱ्या दिवशीही तोच. साहेबांचा रोज अंगठा यायचा, आणि अंगठा दिसेपर्यंत नथू मोबाईल हातातून ठेवत नसे.

मुक्ताबाईने बेडसे गावच्या बयाबाईकडून काविळीची माळ आणली. माणसाच्या डोक्यावर ठेवली की कावीळ उतरेल तशी ती वाढत वाढत गळ्यात येते. माशाला ना डोकं धड, ना गळा. शेवटी टाकीवरच्या पाइपला बांधली. माळ वाढली, पाण्यात लोंबली, आणि माशाने खाऊन टाकली.

"औषध पोटात गेलं, ब्येस झालं," मुक्ताबाई म्हणाली. मासा आणखीच पिवळा झाला.

मे महिन्यात साहेबांचा फोन आला, "नथू, मी लोणावळ्यात पोचलो." दहा मिनिटांत गाडी दारात. तोवर मुक्ताबाईने टाकीवर गोधडी टाकली होती.

"हे काय?"

"झोपलाय तो," नथू म्हणाला.

साहेबांनी गोधडी ओढली आणि त्यांचे डोळे भरून आले. "अरे, झाला की मोठा! पिल्लू असताना रिंगा, वयात आला की पट्टे. हे बघायला दोन वर्षं थांबलो मी! म्हणून तर रोज फोटो..."

साहेब थांबले. त्यांनी मोबाईल काढला.

"नथू, फोटोत काचेवर तुझी कानटोपी दिसते. मला वाटलं, यंदा थंडी लांबली. आज सकाळीसुद्धा कानटोपी?"

"सर्दी हाये, सायेब."

"आणि आजच्या फोटोतही रिंगा?"

नथू गोधडीची घडी घालायला लागला. साहेब मटकन सोफ्यावर बसले. "एवढं सगळं झालं आणि मी काहीच पाहिलं नाही."

"म्यां पायलंय की," नथूच्या तोंडून निसटलं. भीतीपायी चार महिने त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. "शिवरातीला शेपटीकडची रिंग तुटली. होळीला पोटाखाली पिवळी रेघ. पाडव्याला डोळ्यावर काळं आलं, चोरावानी."

साहेब सरसावून बसले. वही आली, पेन आलं. "सावकाश सांग. एकही दिवस गाळू नकोस." नथूचा जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली, खोली वाचली. तो रंगात आला.

"बरं, पहिली सुरुवात कधी झाली?"

"चिक्की खाल्ल्यावर आठ दिसांनी."

पेन थांबलं. "कुणी खाल्ल्यावर?"

नथूने खुंटीवरची कानटोपी काढली आणि भर मे महिन्यात कानांवर ओढून घेतली.