स्टेशनमास्तर आणि लाल पडदा

शिंजी तळ्याकाठच्या आमच्या सराईत ऊन पाण्याची दोन कुंडं आहेत. एक तळ्याच्या अंगाला, उघड्यावर. दुसरं मागच्या बाजूला; तिथून बांबूचं बन दिसतं आणि बनाआडून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. संध्याकाळी तळ्याकडचं कुंड पुरुषांना आणि सकाळी बायकांना, हा नियम माझ्या सासऱ्यांनी घातला. सूर्य तळ्यात बुडतो तो संध्याकाळी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दारावर पुरुषांचा निळा पडदा लागतो, बायकांचा लाल. एकतीस वर्षं मी ते पडदे बदलत आले, पण नियम बदलायचं काही सुचलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस, आडवारी, चारच पाहुणे होते. फुसाए, तिच्या शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी मित्सुयो आणि तोमिए, आणि फुसाएचा नवरा शिगेनोबु. हा निवृत्त स्टेशनमास्तर. आल्या आल्या त्याने भिंतीवरची नियमांची पाटी मोठ्याने वाचली आणि "कुंडात खाणेपिणे मना आहे" या ओळीवर बोट ठेवून बायकांकडे बघितलं.

दुपारच्या चहाला मित्सुयोने विषय काढला. ही बाई चाळीस वर्षं बाजारात मासे विकलेली. आवाज दबका ठेवणं तिला येतच नाही.

"मास्तर, तुम्ही एकटे एवढ्या मोठ्या कुंडात लोळणार, आणि आम्ही तिघी टाकी बघत बसणार? आजच्या दिवस अदलाबदल करू या की."

"नियम म्हणजे नियम," शिगेनोबु म्हणाला. "सकाळी मिळेलच तुम्हाला."

"सकाळी सूर्य डोंगरामागनं उगवतो!"

"त्याला मी काय करू? सूर्याचं वेळापत्रक माझ्या हातात नव्हतं." आणि घड्याळ बघून त्याने जाहीर केलं, "मी पावणेपाचला जाणार. पाचला सूर्यास्त."

तो उठून खोलीत गेला. तिघींची डोकी एकत्र आली.

"निळा पडदा असेल तिथेच जाईल तो," फुसाए म्हणाली. "आत वाघ बसला असला तरी."

मग तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यांना हात लावला नाही, हे शपथेवर सांगते. मी फक्त स्टूल आणून ठेवलं आणि आजूबाजूला पाचोळा फार झालाय, असं म्हणून बाहेर निघून गेले.

साडेचारला मित्सुयोने स्टुलावर चढून पडदे बदलले. तोमिए खाली स्टूल धरून "लवकर गं, लवकर" करत होती. तळ्याकडे लाल, टाकीकडे निळा. बेत चोख होता. मास्तर पावणेपाचला येणार, लाल पडदा बघून मान खाली घालून मागच्या कुंडात जाणार.

फक्त एकच गडबड झाली. मास्तर ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच आत जाऊन बसले होते.

आयुष्यात कधी वेळेआधी न गेलेला माणूस आजच का गेला, तर त्याच्या बगलेत साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली होती. पाटी स्वतःच वाचून दाखवल्यावर उघडपणे कसा नेणार? म्हणून गुपचूप गेला. कपड्यांची टोपली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, सपाता तिच्यात लपवल्या. बाटली आणि पेला लाकडी घंगाळात ठेवून ते पाण्यावर तरंगत सोडलं, आणि स्वारी मोठ्या खडकाला टेकून निवांत बसली.

तेवढ्यात आत न्हाणीत बायकांचे आवाज. बाहेर पडायची वाट एकच, त्याच न्हाणीतून. शिगेनोबु खडकामागे सरकला आणि हनुवटीपर्यंत पाण्यात बुडाला. थंडीने वाफ दाट धरली होती, तेवढीच त्याची अब्रू.

बांबूच्या कुंपणापलीकडे मी पाचोळा झाडत होते. फार हळू झाडत होते. जे कानावर पडलं नाही, ते नंतर फुसाएने सांगितलं.

तिघी अंग धुऊन कुंडात उतरल्या. "आई गं, काय सुख आहे!" असं तोमिए म्हणते न म्हणते, तोच खडकामागून एक घंगाळ डुलत डुलत त्यांच्याकडे आलं. आत बाटली, पेला.

"मालकीणबाईंनी साके ठेवलीय!" मित्सुयो ओरडली. "बघा, पाटीवर एक लिहितात आणि मनाने किती चांगल्या!"

फुसाएने पेला उचलला. बुडाशी रेल्वेचं चाक कोरलेलं होतं. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला हा पेला ती रोज रात्री घासते. तिने खडकाकडे पाहिलं. खडकाच्या कडेला घडी केलेल्या पांढऱ्या पंचाचं टोक होतं, आणि पंचाखाली टकलाची एक लाल कोर.

ती किंचाळली नाही. मैत्रिणींची तोंडं तळ्याकडे वळवून, खडकाकडे पाठ करून त्यांना बसवलं, आपण मध्ये बसली आणि पेला भरला.

"काय गं, मास्तर बसले असतील टाकी बघत?" तोमिएने विचारलं.

"बसले असतील कुठेतरी," फुसाए जरा मोठ्याने म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही ना कधी? लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला निघालो, तर या स्टेशनमास्तरांनी मला उलट्या दिशेच्या गाडीत बसवलं. चार स्टेशनं गेल्यावर म्हणतात, आज समुद्र डावीकडे कसा?"

हसताना मित्सुयोच्या हातून साके सांडली.

"आणि शेजारच्या मांजराचा राग येतो म्हणे. रोज सकाळी माझ्या ताटलीतला मासा नेऊन घालतात. 'काकूसाहेब' म्हणतात तिला! मला सेहेचाळीस वर्षांत साहेब म्हटलं नाही."

खडकामागे पाणी डुचमळलं.

"मासा असेल," फुसाए म्हणाली.

"ऊन पाण्यात?"

"म्हातारा मासा आहे. त्याला चालतं." तिने एक घोट घेतला. "हल्ली मी काही मागितलं की यांना ऐकूच येत नाही. चैत्रात मला ओकायामाला बहिणीकडे जायचंय, एकटीला, दहा दिवस. तीनदा विचारलं. तीनदा म्हणाले, काय? काय म्हणालीस?"

"मग चौथ्यांदा विचार!"

"आत्ताच विचारते." फुसाएने गळा साफ केला. "अहो! ऐकलंत का? मी ओकायामाला जाऊ ना? नको असेल तर आत्ताच्या आत्ता बोला!"

तळ्यावर एक बदक ओरडलं. बाकी शांत.

"होकार आहे," फुसाए म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या. मी झाडूवर रेलून तोंडात पदर कोंबावा तशी किमोनोची बाही कोंबली.

हसू ओसरल्यावर तोमिए म्हणाली, "एवढं सगळं सोसून कशी गं राहिलीस?"

फुसाएने पेला घंगाळात ठेवला. मग तिचा आवाज खाली आला, मुद्दाम नव्हे. "आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. माझी आई, त्यांची नव्हे. पहिल्या गाडीच्या ड्यूटीआधी उठून हे तिचे पाय शेकायचे. मला वाटायचं, आईला बरं वाटतंय म्हणून झोप लागते. ती गेल्यावर शेजारणीकडून कळलं. आजपर्यंत त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

सूर्य पाण्याला टेकला होता. फुसाएने हळूच मागे पाहिलं. टकलाची कोर आता उकडलेल्या खेकड्याच्या रंगावर गेली होती.

"आता कुणी बोलायचं नाही, मागे बघायचं नाही," तिने मैत्रिणींना बजावलं. "सूर्य पुरता बुडेपर्यंत हात जोडून बसायचं. हललं की पुण्य गेलं."

असलं पुण्य आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही. पण दोघींनी डोळे तळ्याला लावले, आणि त्यांच्या पाठीमागून निवृत्त स्टेशनमास्तर पंचा सावरत, चवड्यांवर, न्हाणीत पसार झाले.

मी धावत व्हरांड्यात आले. लाल पडदा बाजूला करून तो बाहेर पडला, तेव्हा मी समोरच होते.

"मास्तर," मी म्हटलं, "हा बायकांचा आहे हो."

त्याने पडद्याकडे पाहिलं. स्टुलाकडे पाहिलं. मग मला कमरेत वाकून नमस्कार केला आणि भिंत धरत खोलीत गेला. मी थंड पाण्याचा तांब्या पाठवला.

जेवायला सहाला सगळे बसले. कागदात गुंडाळून भाजलेला तळ्यातला मासा होता, शिंपल्यांचं सार होतं. शिगेनोबु सार भुरकत होता. दोघी मैत्रिणी एकमेकींना कोपरं मारत होत्या.

"मग काय मास्तर," मित्सुयोने विचारलं, "टाकी कशी होती?"

"पाणी जरा गरम होतं." त्याने वाटी खाली ठेवली, आपल्या ताटातला मासा उचलून फुसाएच्या ताटात ठेवला आणि म्हणाला, "ओकायामाला सकाळच्या गाडीने जा. मध्ये बदलावी लागत नाही. आणि दहा दिवस कशाला, पंधरा राहा, फुसाएसाहेब."

फुसाएच्या जेवणाच्या काड्या तोंडाशी थांबल्या. ती लाजली, अगदी कानापर्यंत.

तोमिए म्हणाली, "अय्या, पण ओकायामाचं यांना कुणी सांगित—"

मित्सुयोला आधी उमगलं. तिने बसायची उशी उचलली. मास्तर त्या वयात, त्या गुडघ्यांनी, टेबलाला दोन फेऱ्या मारतील असं मला वाटलं नव्हतं. तोमिए मात्र "म्हणजे? म्हणजे काय?" विचारत राहिली, आणि फुसाएने शांतपणे दोन्ही मासे संपवले.