दोनदा विकलेली बंदूक

व्हर्ननने बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून उचलली आणि सभागृहातला काट्याचमच्यांचा आवाज थांबला. ही कोणाची ते मी सांगायला नको, असं तो म्हणाला. एरवी तो गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो. मार्चमधल्या या एका शनिवारी दुपारी मात्र आमच्या बदक-शिकारी क्लबाच्या जेवणानंतर. यंदाचा पैसा तळ्याच्या उत्तरेकडची चाळीस एकर दलदल घेण्यासाठी होता. क्लबाने घेतली नाही, तर मालक चर खणून पाणी काढणार आणि मका लावणार. मिनेसोटात शिकाऱ्यांच्या पैशानेच बदकांना अंडी घालायला जागा उरली आहे, असं मी कॉलेजात परीक्षेत लिहिलं होतं. चांगले गुण मिळाले होते.

बंदूक माझ्या सासऱ्यांची, हार्लनची. बाराव्या वर्षी वडिलांनी हातात दिलेली.

"काय रे हार्लन, नेम चुकायला लागला का?" मागच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं.

"नेम होता कधी?" दुसरा म्हणाला. "त्याच्यासमोरची बदकं म्हातारी होऊन मरायची."

हार्लनही हसले. आता हात कापतात, थंडीत पहाटे उठवत नाही, असं काहीबाही सांगत राहिले.

हे खोटं होतं. दीड महिन्यापूर्वी आमची दोन वर्षांची सिग्ने बंदुकीच्या कपाटापाशी बसून कुलपाशी खेळताना मला दिसली. कुलूप लागलेलं होतं, किल्ली हार्लनच्या खिशात, काडतुसं तळघरात वेगळी. सगळं स्वतः तपासलं आणि तरीही मी म्हणाले, या घरात एक तर ही बंदूक राहील, नाहीतर आम्ही. घर त्यांचं होतं. भाडं झेपेना म्हणून आम्हीच त्यांच्याकडे राहायला आलो होतो. नवरा चिडला, बाबांशी असं बोलतात का म्हणाला. हार्लननी त्यालाच गप्प केलं. आईने काळजी करायचीच असते, म्हणाले. बंदूक एखाद्या मित्राकडे ठेवता आली असती, पण मग कारण सांगावं लागलं असतं. तिचं नाव मी लिलावाच्या यादीतच वाचलं.

बोली चढत गेली. शेवटी तीन टेबलांवरच्या लोकांनी मिळून ती एकवीसशे डॉलरला घेतली. व्हर्नन मंचावरून खाली उतरला आणि त्याने बंदूक हार्लनच्या मांडीवर ठेवली.

"आम्हा सगळ्यांकडून. चाळीस वर्षं बदकांना अंडी घालायला पाण्यात लाकडी पेट्या ठोकतोयस. घेऊन जा घरी."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हार्लननी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. परक्या घरात पाऊल टाकण्याआधी माणूस घरधन्याकडे बघतो, तसं पाहिलं. न्या घरी, एवढंच मला म्हणायचं होतं. मी खाली वाकून सिग्नेचं तोंड पुसलं. ते स्वच्छच होतं.

"व्हर्नन," हार्लन म्हणाले, "पुन्हा लाव बोली."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग सभागृह दणाणलं. परत मिळालेली वस्तू दुसऱ्यांदा विकायला देणारा माणूस आमच्याकडे वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी राहतो. या वेळी ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणा अनोळखी माणसाने घेतली. जेवणानंतरचं गोड यायच्या आतच तो ती पिशवीत घालून निघूनही गेला. दलदलीचा पैसा जमला.

व्हर्ननच्या बायकोने, आर्लिसने, माझा खांदा दाबला. असा सासरा मिळायला नशीब लागतं, म्हणाली. मी हो म्हणाले. तेवढं मला म्हणता आलं.

बाहेर वितळलेलं बर्फ पुन्हा गोठलं होतं. माझ्या एका खांद्यावर झोपलेली सिग्ने, दुसऱ्या हातात तिची पिशवी आणि उरलेल्या जेवणाचा डबा. माणसं हार्लनना वाटेत थांबवून हात मिळवत होती. ते सगळ्यांना आटोपून माझ्याजवळ आले.

"दे तिला इकडे," म्हणाले. "माझे हात मोकळेच आहेत."

मी दिली.