दातांतली खिडकी

यवतमाळात दत्त चौकामागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर सदाशिव मुळावकरची लॅब आहे. गावातले दातांचे पाच-सहा डॉक्टर त्याच्याकडे पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवतात आणि सदाशिव त्यावरून कवळ्या, टोप्या, ब्रिज बनवून देतो. सत्तावीस वर्षं हेच काम. एवढ्या लोकांच्या तोंडात त्याच्या हातचे दात आहेत, पण रस्त्यात समोर आले तर त्यातला एकही तो ओळखायचा नाही. पेशंट म्हणजे त्याच्या लेखी प्लास्टरचा जबडा आणि सोबतची चिठ्ठी.

गणपती उठून चार दिवस झाले असतील. दुपारी डॉक्टर केतकीच्या दवाखान्यातून ठशाचा डबा आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं : कुंदा सेवादास राठोड, वय अठ्ठावन्न, मारेगाव. वरची पूर्ण कवळी.

सदाशिवनं चिठ्ठी दोनदा वाचली. हातातली मेणाची सुरी खाली ठेवली आणि स्पिरिटचा दिवा विझवला.

कुंदा त्याची सख्खी मोठी बहीण. तिला पाहून चोवीस वर्षं झाली होती.

त्यांचे वडील कळंबच्या तहसील कार्यालयात कारकून होते. घरात दोनच लेकरं, कुंदा आणि तिच्याहून सात वर्षांनी लहान सदाशिव. आईला दूध कमी, अंगात ताप कायमचा, म्हणून सदाशिव वाढला तो ताईच्याच कडेवर. आईच्या वरच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट होती आणि ती दोन्ही लेकरांना जशीच्या तशी मिळाली होती. आई तिला खिडकी म्हणायची. ‘आपल्या घराले तीन खिडक्या,’ म्हणायची, ‘उजेडाची कमी नाही.’

कुंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली. तिथंच सेवादास राठोड नावाचा मास्तर होता, मारेगावकडच्या तांड्यावरचा. दोघांनी यवतमाळला येऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. वडिलांनी त्या दिवशी अंघोळ केली, सगळ्यांना करायला लावली आणि सांगितलं, आजपासून आपल्याला मुलगी नाही. सदाशिव तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्यानंही मुकाट्यानं डोक्यावर पाणी घेतलं.

आठ वर्षांनी वडील गेले. कोणीतरी कळवलं म्हणून कुंदा आली. अंगणात माणसं जमली होती. सदाशिव दारात उभा होता. आत येऊ पाहणाऱ्या बहिणीला तो म्हणाला, “ताई, नको येऊ आत. लोक बसले आहेत. आईले त्रास होईल.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली आणि वडिलांना नेलं तेव्हा हात जोडून, मागे न येता, बस स्टँडकडे निघून गेली. पुढं अकरा वर्षांनी आई गेली, तेव्हा सदाशिवनं तिला कळवलंच नाही. कोणत्या तोंडानं कळवणार, असं त्याला वाटलं होतं. तिला ते तेराव्याच्या दिवशी परक्या माणसाकडून समजलं, हे त्याच्या कानावर आलं, आणि त्यानंतर तर सगळेच रस्ते बंद झाले. दोनदा तो वणीच्या एसटीत बसून मारेगावला उतरलाही होता. स्टँडवर चहा प्यायला आणि परतीच्या गाडीनं माघारी आला.

आता तिचा जबडा त्याच्या टेबलावर होता.

त्यानं ठशात प्लास्टर ओतलं, सुकू दिलं, आणि साचा सोडवून हातात घेतला. एकही दात नाही. नुसती गुळगुळीत, झिजलेली हिरडी. याच तोंडानं तिनं त्याला गोष्टी सांगितल्या होत्या, पेरूच्या फोडी करून भरवल्या होत्या. सदाशिवनं पुढच्या जागेवर अंगठा ठेवला.

संध्याकाळी डॉक्टर केतकीचा फोन आला. ती तरुण, उत्साही. सदाशिवला काका म्हणायची.

“काका, त्या राठोड मॅडमचा ठसा आला ना? जरा वेगळं काम आहे. मी त्यांना सगळे पर्याय समजावले. इम्प्लांटबद्दल सांगितलं, हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. पण त्यांची साखर वाढलेली, वरचं हाड पार बसलेलं. आधी हाड भरायचं, मग महिनोनमहिने थांबायचं, आणि तरी खात्री नाही. ब्रिजला आजूबाजूला पक्के दात लागतात, ते वर उरलेच नाहीत. शेवटी कवळीवर आलो. त्या म्हणाल्या, काहीही द्या, पण पुढं खिडकी ठेवा.”

“खिडकी म्हणाल्या?”

“हो. मला आधी कळलंच नाही. लोक माझ्याकडे असलेली फट बुजवायला येतात काका, या बाईंना नसलेली पाहिजे. आरसा दाखवून समजावलं, की सलग दात छान दिसतील. ऐकायलाच तयार नाहीत. जुना फोटो दिलाय, तुम्हाला पाठवते. त्यातल्यासारखी करा. गंमत म्हणजे शेजारचा मुलगाही अगदी तसाच हसतोय.”

फोटो मोबाइलवर आला. रंग उडालेला. कळंबच्या चिंतामणीच्या देवळाबाहेरचा. दोन वेण्यांतली कुंदा आणि तिचा हात खांद्यावर घेऊन उभा असलेला, बारा वर्षांचा सदाशिव. दोघंही दात दाखवून हसत होते.

हा फोटो तिनं ठेवला होता. आजवर ठेवला होता.

“काका, ऐकताय ना?”

“हो,” सदाशिव म्हणाला. “ट्रायलच्या दिवशी मीच घेऊन येतो दात.”

घरी त्यानं विमलला, बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. “डॉक्टरले सांगितलं काहून नाही, तुमची बहीण आहे म्हणून?”

“काय सांगू? बहीण आहे, अन् मी तिले दारातून परत पाठवली, हे सांगू?”

विमल तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “मंग आता तरी जा. दात कुरियरनं धाडू नका.”

एरवी कवळीचे दात मेणात लावायला सदाशिवला दोन तास पुरायचे. या वेळी चार दिवस गेले. दातांच्या सेटमधून त्यानं किंचित पिवळसर छटा निवडली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला शुभ्र दात शोभत नाहीत. मेण तापवायचं, दात बसवायचा, पाहायचं, काढायचं. फटीचं माप फोटोवरून धरता येईना. मग त्यानं मापपट्टी बाजूला ठेवली आणि डोळे मिटून ताईला आठवू लागला. ती रागावताना आठवली, उन्हात कपडे वाळत घालताना आठवली. हसताना आठवेना. हसताना आठवायला लागला की कडुलिंबाखालचा चेहरा मध्ये यायचा.

ट्रायलच्या दिवशी तो दवाखान्यात पोचला तेव्हा बाहेरच्या बाकावर पांढऱ्या केसांचा एक माणूस पेपर वाचत बसला होता. सेवादास. त्यानं चष्म्यावरून पाहिलं, ओळखलं, आणि पेपर घडी करून मांडीवर ठेवला. “आत आहे ती,” एवढंच म्हणाला.

कुंदा खुर्चीवर रेलून होती. तोंडावर पदर. दात नसलेलं तोंड ती कोणाला दिसू देत नव्हती. सदाशिव आत आला आणि तिचे डोळे त्याच्यावर थांबले. डोळे तेच होते. बाकी सगळी बाई म्हातारी झाली होती.

“हे मुळावकर काका,” केतकी म्हणाली. “तुमचे दात यांनीच केलेत.”

कुंदा पदराआडून म्हणाली, “मेणाचेच आहेत ना? विरघळणार नाहीत?”

ती केतकीशी बोलत होती.

“नाही हो. नुसतं बसवून पाहायचं. पसंत पडले तर पक्के करायचे.”

दात बसवले. ओठ भरले, गाल वर आले, आणि चोवीस वर्षांपूर्वीची ताई अर्धीमुर्धी परत आली. केतकीनं हातात आरसा दिला. कुंदानं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“डावा दात थोडासा फिरलेला होता,” ती म्हणाली. “आतल्या बाजूनं.”

खरंच फिरलेला होता. सदाशिवला आता आठवलं. त्यानं मेणाचे दात हातात घेतले, कोपऱ्यातल्या दिव्यावर सुरी तापवली, डाव्या दाताखालचं मेण सैल करून तो केसभर वळवला.

दात पुन्हा तोंडात गेले. कुंदानं आरसा वर धरला आणि या वेळी मान हलवली.

“आता उच्चार बघू,” केतकी म्हणाली. “स असलेलं काहीतरी बोला. साठ, एकसष्ट, असं मोजलं तरी चालेल. किंवा कोणाचं नाव घ्या.”

सदाशिव श्वास धरून उभा राहिला. लहानपणी ती त्याला सदू म्हणायची तेव्हा त्या फटीतून बारीक शीळ निघायची. पोरं त्याला त्यावरून चिडवायची.

“सेवादास,” कुंदा म्हणाली.

शीळ निघाली. बाहेरून हसण्याचा आवाज आला, “काय झालं बाई?”

“छान!” केतकी म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटचा एक्स-रे पाहायला शेजारच्या खोलीत गेली.

दोघंच उरले. सदाशिवनं तोंड उघडलं. “ताई, मी—”

“दातापुरतं बोल,” कुंदा म्हणाली.

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मग एकदम तिनं विचारलं, “तुही खिडकी कुठं गेली?”

सदाशिवनं नकळत ओठ मिटले. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या पुढच्या दोन दातांवर टोप्या बसवून घेतल्या होत्या. दातांचा धंदा आणि धंदेवाल्याच्याच तोंडात फट, लोक काय म्हणतील, म्हणून.

“बुजवली,” तो म्हणाला.

“आई होती तवा?”

“होती.”

“काही म्हणाली नाही?”

सदाशिवला आठवलं. आई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली होती. “एवढंच म्हणाली, की आता घरात एकच राह्यली.”

कुंदानं मान दुसरीकडे वळवली. केतकी परत आली, आणि पुढं काही बोलणं झालं नाही.

कवळी पक्की होऊन गेली. त्यानंतर सदाशिवला कामात गोडी वाटेना. फोन वाजला की दचकून पाहायचा. कशाची वाट पाहतो हे त्याला नीट सांगता आलं नसतं. तिनं रागावलेलंसुद्धा त्याला चाललं असतं. नवव्या दिवशी अनोळखी नंबर आला.

“सेवादास बोलून राह्यलो. कवळी टोचते म्हणते तुमची बहीण. आत डावीकडं लाल झालं आहे. डॉक्टरीणबाईकडं जाऊ म्हणतो तर ऐकत नाही. म्हणते, ज्यानं केली त्यानं येऊन घासावी.” थोडं थांबून तो म्हणाला, “मले वाटते, एवढं काही टोचत नसन.”

सदाशिवनं आधी केतकीला फोन करून खरं काय ते सांगितलं. “थोडंच घासा काका,” ती म्हणाली, “आणि त्यांना पुढच्या आठवड्यात मला दाखवायला सांगा. निघा तुम्ही.”

करंजीपासून पुढं दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता. विमलनं डब्यात मुगाच्या वड्या दिल्या होत्या, त्या त्यानं वाटभर मांडीवर धरल्या. सेवादास स्टँडवर गाडी घेऊन उभा होता. घर दोन खोल्यांचं, पुढं पडवी, पडवीत शाळेच्या फळ्यासारखा एक काळा तुकडा भिंतीला टांगलेला. त्यावर शेजारच्या लेकरांसाठी पाढे लिहिलेले.

कुंदानं पाणी दिलं. कवळी काढून त्याच्या हातात ठेवली. सदाशिवनं टोचणारी जागा शोधली, पेन्सिलनं खूण केली, बारीक सँडपेपरनं घासली, बोट फिरवून पाहिलं, परत घासली. पाण्यानं धुऊन तिला दिली. तिनं बसवली, दात दोनदा मिटून पाहिले.

“आता?”

“आता ठीक आहे.”

“परवा परत पाहावं लागन,” सदाशिव म्हणाला. परवा पाहायची काही गरज नव्हती.

“येजो मंग.”

सेवादास चहा टाकायला आत गेला. कुंदा पडवीच्या कडेला बसली आणि तिनं शेजारची जागा हातानं झाडली. सदाशिव बसला. रस्त्यावरून कापसाच्या गाठोड्यांचा एक टेम्पो गेला, तो दिसेनासा होईपर्यंत दोघंही तिकडे पाहत राहिले. त्याला माफी मागायची होती. चोवीस वर्षं त्यानं माफीची वाक्यं जुळवली होती आणि आता त्यातलं एकही आठवत नव्हतं.

“मी चुकलो ताई,” तो म्हणाला.

“चुकलाच,” ती म्हणाली. आवाजात धार नव्हती, पण तिनं ते खोडूनही काढलं नाही. गुडघ्यावरच्या लुगड्याची चुणी ती बोटानं सरळ करत राहिली.

“मले फक्त एक सांग. आईचं. कोणत्या खाटेवर होती, कोण जवळ होतं, काय खाल्लं होतं, काय बोलली. तेरा वर्षं झाली, मले काहीच माहीत नाही. मनानं जोडत बसते नुसती.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. “घाई करू नको. पहिल्यापासून सांग.”

सदाशिवनं डोळे पुसले, जरा सावरून बसला आणि सांगायला लागला. “त्या सकाळी आईनं चहा मागितला नाही...”