वर गेलेला हात

या मित्रांनो, मागे बसलात त्यांनीही सरकून पुढे या. कीर्तनाला बसतात तशी मांडी घाला. गोष्ट छोटी आहे, कारण मीही छोटाच आहे. मी एक जुना आयकॉन आहे. संगणकाच्या पडद्यावर चिमुकली चित्रे असतात ना, टिचकी मारली की आतले काहीतरी उघडणारी? त्यांतला मी एक. बत्तीस ठिपके रुंद, बत्तीस ठिपके उंच, एवढाच माझा देह.

माझा जन्म कात्रजला, २००२ साली, कीर्तनकार नागोरावांच्या घरी झाला. त्याच वर्षी घशाच्या ऑपरेशनात नागोरावांचा आवाज गेला. त्यांची मुलगी मुक्ताई हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने वडिलांच्या कॅसेटी घरच्या संगणकात उतरवून घेतल्या. पण ती सकाळी कंपनीच्या बसने गेली की तिच्या आईची, सुशीलाबाईंची पंचाईत होई. त्यांना इंग्रजी अक्षरे येत नव्हती. ऐकायला जावे आख्यान, आणि उघडावा मुक्ताईच्या कामाचा तक्ता.

मग एका रविवारी मुक्ताईने वडिलांचा कीर्तनातला फोटो घेतला. तो बारीक केला, आणि मागची पांढरी भिंत दिसू नये म्हणून पांढरा रंग पारदर्शक करून टाकला. यंत्र बिचारे आज्ञाधारक. भिंत गेली, तिच्याबरोबर उपरणे आणि धोतरही गेले. पडद्यावरचे हिरवे कुरण आरपार दिसू लागले.

सुशीलाबाईंनी चष्मा पुसून पाहिले. "हे कोण? यांच्या पोटात गवत उगवलंय."

नागोरावांनी पाटीवर लिहिले, 'आरपार दिसण्याइतका साधू मी अजून झालेलो नाही. आधी धोतर परत दे.'

मुक्ताईने धोतर दुधी रंगात रंगवून परत दिले. पण चेहरा म्हणजे नुसता डाग. तिचे डोळे भरून आले. वडील असे ठिपक्यांत मावेनात. तेव्हा सुशीलाबाई हळूच म्हणाल्या, "तोंड राहू दे गं. त्यांचा तो हात काढ, झांज वाजायच्या आधी वर जातो तो. मी बायकांत मागे बसायचे. मला कायम हातच दिसायचा."

आणि मुक्ताईने एकेक ठिपका मांडून मला घडवले. दुधी बाही, उंच हात, हातात पिवळी झांज. दोनदा टिचकी कशी मारायची, ते नागोरावांनी बायकोचे मनगट धरून शिकवले, ठेक्यात. आतून त्यांचाच आवाज आला. स्वतःचे कीर्तन ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते.

मित्रांनो, ते माझे भाग्याचे दिवस. रोज दुपारी निवडायची भाजी घेऊन बाई समोर बसत. दोन वर्षांनी नागोराव गेले, तरी दुपार चुकली नाही. एकादशीला त्या काचेवर, माझ्या कपाळी, बुक्क्याचे बोट लावत. मुक्ताई मागाहून पुसून घेई.

पुढे कंपनीने मुक्ताईला परदेशी पाठवले. सुशीलाबाई भाच्याकडे, संपतकडे राहायला गेल्या. संपतने घरी नवा संगणक घेतला आणि मावशीसाठी मला त्यात नेले. फक्त मला. कीर्तन चित्रातच असते असे त्याला वाटले. अहो, मी तर दाराची कडी. माझी नक्कल तिकडे गेली, आवाज इथे माझ्यापाशीच राहिला. आणि जुन्या संगणकासकट आम्ही दोघे आता कात्रजच्या घरी माळ्यावर, जुन्या चादरीखाली.

एकदा बाई आणि संपत ते बंद घर झाडायला आले होते. बरोबर माळ्याखाली उभ्या राहून बाई म्हणाल्या, "तुझ्या संगणकावर हात वर दिसतो रे, पण झांज वाजत नाही."

"जुनं रेकॉर्डिंग ना मावशी, खराब झालं असेल," संपत म्हणाला.

मी किती आकांत केला असेल. पण वीज नसलेल्याचा आकांत कोण ऐकणार? कुणी वर पाहिले नाही. दाराला कुलूप लागले.

दिवाळीनंतर मुक्ताई येणार आहे, असे शेजारी बोलताना ऐकले. पांडुरंग तिला वर बघायची बुद्धी देवो. तोवर माझा हात खाली येणार नाही.

मित्रांनो, जुने यंत्र टाकण्याआधी एकदा सुरू करून पाहा, आत कुणी बोलायचे थांबले आहे का. आणि कुठल्याही देवळात झांज वाजण्याआधी एखादा हात वर जाईल, तेव्हा क्षणभर आमच्या नागोरावांची आठवण काढा.