जास्वंदीवरचं पाखरू

"काका, जरा हळू," सगळ्यांना पक्षी दाखवायला घेऊन आलेला अमृत दोन्ही हात खाली दाबत म्हणाला.

वीरभद्रप्पांनी फक्त चहा कुठं मिळेल एवढंच विचारलं होतं. पण सगळी उमर टॉवेलच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली. त्यांनी नुसतं "जेवलास का" विचारलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं भांडण पेटलं. समोरच्या बाभळीवरचे होले भुर्रकन उडून गेले. कॅमेरे रोखून बसलेल्यांनी मागं वळून पाहिलं, पण म्हातारा माणूस बघून पुन्हा कॅमेऱ्यांना डोळे लावले.

"चहा तळ्यावर गेल्यावर, अप्पा," दानेश्वरी त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली.

पक्षी बघायची ही सहल म्हणजे लेकीची कल्पना. दसरा झाला आणि तिची आई, चंद्रव्वा, गेली. तेव्हापासून अप्पा घरात नुसते बसून असतात, रडतसुद्धा नाहीत, हे तिला पुण्यात फोनवरूनही कळायचं. म्हणून रविवार गाठून ती आली आणि अमृतच्या ग्रुपमध्ये दोघांची नावं देऊन मोकळी झाली. सकाळी सिद्धेश्वर वनविहार, मग हिप्परग्याचं तळं. वीरभद्रप्पा चला म्हटलं की चालत होते, बघा म्हटलं की बघत होते. मोर ओरडला तो त्यांनी ऐकला, कावळे ऐकले. बरं वाटतंय का, असं लेकीनं विचारल्यावर बरं वाटतंय म्हणाले. खरं तर त्यांना काहीच वाटत नव्हतं.

पायवाट वळली तिथं अमृतनं हात वर केला. सगळे थांबले.

"शिंजीर," दानेश्वरीनं सांगितलं. "ऐका."

सगळ्यांचे चेहरे खुलले. वीरभद्रप्पाही कान देऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, पाखरू अजून सुरू व्हायचंय. अमृतनं आपली दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि फांदी दाखवली. अंगठ्याएवढं, काळंजांभळं पाखरू काटकीवर बसलं होतं. त्याची चोच उघडत होती, मिटत होती. गळ्याची पिसं थरथरत होती. कारखान्यात समोरच्या मागावरच्या माणसाचं तोंड असंच नुसतं हलताना दिसायचं. पण तिथं माग चालू असायचे. इथं सगळं शांत होतं.

"वरडत का न्हाई ते?" त्यांनी विचारलं.

"ओरडायलंय की, अप्पा. मघापासनं. आवाज बारीक हाय, पण लई टोचतो." दानेश्वरी हसली. "आपल्या जास्वंदीवर येतंय तेच हे. आज पहाटे त्यानंच जाग आली मला."

"आपल्या घरी?"

"अव्वाच्या खिडकीतच की. रोज येत असंल."

वीरभद्रप्पांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

पक्षाघातानं चंद्रव्वाची एक बाजू गेली, तेव्हापासून ती त्या खोलीत पडून होती. खिडकी तिच्या उशामागं, आणि तिला मान वळवता यायची नाही. रोज सकाळी ती म्हणायची, "पाखरू वरडायलंय. ऐका की." ते ऐकायचे. अगदी मनापासून ऐकायचे. "कुटं काय गं? काय न्हाई." उठून बाहेर डोकावावं असं त्यांना कधी सुचलं नाही, कान होते ना. हे रोजचंच झालं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, हिला भास होतायत. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. गोळीनं ती दिवसभर पेंगू लागली. एकदा चांगली जागी होती तेव्हा तिनं विचारलं, "खरंच न्हाई का ओ?"

"न्हाई."

आढ्याकडं बघत ती, "मग माझंच डोस्कं गेलं असंल," म्हणाली. त्यानंतर तिनं पाखराचं नाव काढलं नाही. लेकीला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की अव्वाचं डोकं चालेना.

"अप्पा, इतरांनाबी बघायचंय," दानेश्वरी म्हणाली. त्यांनी दुर्बीण परत दिली. आता रडू यायला हवं होतं. आलं नाही.

तळ्यावर चहा मिळाला. पाण्यावर बदकं होती, लोक त्यांची नावं सांगत होते. अमृतनं चहाचा कप हातात घेत विचारलं, "काका, आज सगळ्यात काय आवडलं?"

"शिंजीर."

वीरभद्रप्पा इतकं हळू बोलले, की अमृतला पुन्हा विचारावं लागलं.

परतताना गाडीत दानेश्वरीनं विषय काढलाच. "अप्पा, एकदा कान दाखवू या. मशीन मिळतं आता."

"आता कशाला?" ते म्हणाले आणि काचेतून बाहेर बघत राहिले. तिला वाटलं, दमले असतील. संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वीरभद्रप्पांनी खोलीतली खिडकी उघडली. चंद्रव्वाच्या कॉटवर गुंडाळून ठेवलेली गादी पसरली आणि तिच्या कडेला, खिडकीकडं तोंड करून बसले. फटफटलं. जास्वंदीची फांदी हलली. पाखरू येऊन बसलं, त्यानं चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं.

"व्हय गं," वीरभद्रप्पा मागं न बघता म्हणाले. "वरडायलंय."

आवाज नेहमीचाच, यंत्रमागावरचा. पाखरू उडून गेलं. फांदी तेवढी थोडा वेळ हलत राहिली.